बिघडलेला फ्लॉपी ड्राइव्ह हेही इतिहासाचं साधन

इतिहासाचं साधन म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? मोडी कागद, गॅझेटियर, जुनी वर्तमानपत्रं. पण तुम्हाला १९८५ ते २००० या काळातल्या छोट्या उद्योगांवर काम करायचं असेल, तर यादीत फ्लॉपीही लिहून ठेवा. आणि फ्लॉपी आली की ती वाचणारा ड्राइव्हही आलाच. तो बहुतेक वेळा बिघडलेला असतो.

थेरगावचंच बघा. पवनेच्या पलीकडे चिंचवड. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, या पट्ट्यात मोठे कारखाने आले आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी वर्कशॉप आजूबाजूच्या गावांत पसरली. १९८४ च्या संगणक धोरणानंतर पीसी हळूहळू लहान धंद्यांच्याही आवाक्यात आला. कोटेशन, बिलं, पगारपत्रक फ्लॉपीवर जाऊ लागलं. अनेक सीएनसी मशीनचे प्रोग्रामही फ्लॉपीवरच असायचे. कोणता भाग बनवला, त्यात कितीदा बदल केला, हे कागदावर राहिलं नसेल, पण त्या प्रोग्राममध्ये सापडू शकतं.

ड्राइव्ह बिघडतो म्हणजे काय होतं?

साडेतीन इंची १.४४ एमबी फ्लॉपीचं गणित साधं आहे: ८० ट्रॅक, २ बाजू, १८ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट. गुणाकार १४,७४,५६० बाइट. दोन ट्रॅकमधलं अंतर जेमतेम ०.१९ मिमी. मिनिटाला ३०० फेरे घेणाऱ्या चकतीवर हेडला एवढीशी वाट धरायची असते.

नेहमीचे बिघाड चार. हेडवर साचलेला मळ, हेड सरकवणाऱ्या स्क्रूवरचं वाळून घट्ट झालेलं ग्रीस, गळलेले कपॅसिटर, आणि काही जुन्या ड्राइव्हमधला सैल पडलेला रबरी पट्टा. पहिल्या दोन्हींवर कापूस, आयसोप्रोपिल अल्कोहोल, थोडं नवं ग्रीस आणि बराच धीर पुरतो. बुरशी आलेली फ्लॉपी मात्र थेट घालू नका. तिचा थर हेडला चिकटतो आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडे पाडतो.

दुरुस्ती कुठे थांबवायची?

इथे आपला प्रश्न मेकॅनिकच्या प्रश्नापेक्षा वेगळा होतो. समजा, एका ड्राइव्हचं हेड मूळ वाटेपासून जरासं सरकलंय. तो स्वतः लिहिलेली फ्लॉपी आरामात वाचतो, कारण लिहितानाही तो तेवढाच सरकलेला होता. तीच फ्लॉपी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली की एरर. आता कुणी भल्या मनाने त्या ड्राइव्हचं हेड जागेवर आणून दिलं, तर काय होईल? ड्राइव्ह नियमाप्रमाणे चालेल, पण त्याने दहा वर्षं लिहिलेल्या फ्लॉपी त्यालाच वाचता येणार नाहीत!

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी सफाई, मग सगळ्या फ्लॉपींची इमेज, आणि हेडच्या जुळणीला हात सगळ्यात शेवटी. मूळ ड्राइव्ह भंगारात गेला असेल, तर दुसऱ्या एखाद्या ड्राइव्हचं हेड मुद्दाम थोडंथोडं सरकवून वाचन जुळवतात. ग्रीझवीझलसारखं उपकरण फाइल नव्हे, तर चकतीवरचे चुंबकीय बदलच जसेच्या तसे नोंदवतं. त्यामुळे अडलेला ट्रॅक नंतर निवांतपणे सोडवता येतो.

वाचली, म्हणजे कळली का?

नाही. फाइलवर १ जानेवारी १९८० ही तारीख दिसली, तर हुरळून जाऊ नका. डॉसची कालगणनाच तिथून सुरू होते. घड्याळाची बॅटरी संपलेला पीसी सुरू केल्यावर कुणी तारीख भरली नाही, की फाइलवर तीच उमटायची. अशा वेळी आतल्या बिलाची तारीख जास्त विश्वासाची. मराठी मजकुराचं आणखी वेगळं. युनिकोड रुळण्याआधी प्रत्येक फॉन्टचा संकेत निराळा असायचा, त्यामुळे श्रीलिपीत टाइप केलेलं पत्र आज उघडलं तर विचित्र चिन्हं दिसतात. फाइल खराब झालेली नसते, तिची लिपी ओळखावी लागते. मोडीच्या अभ्यासकाला हे काही नवीन नाही.

तुमच्यासाठी तीन सवयी

एक, फ्लॉपी हातात येताच तिचं राइट-प्रोटेक्ट लावा. विंडोज ९५ तर फ्लॉपी नुसती उघडली तरी तिच्या पहिल्या सेक्टरमध्ये खूण करून ठेवायचं. दोन, फ्लॉपीसोबत मूळ पीसी आणि ड्राइव्हही मागा. निदान कोणती फ्लॉपी कोणत्या मशीनची, हे लिहून घ्या. तीन, तुम्ही ड्राइव्हला काय केलं, ते तारखेसह वहीत नोंदवा. पोथीचं पान चिकटवणारा नोंद ठेवतो, तसंच.

सोनीने २०११ मध्ये फ्लॉपीची विक्री थांबवली. वर्कशॉपचे मालक आता निवृत्त होतायत, शेड रिकाम्या होतायत आणि जुना पीसी वजनावर विकला जातोय. तुमचा विषय या काळाला जरा जरी स्पर्श करत असेल, तर प्रबंधाचा आराखडा मंजूर होण्याची वाट बघू नका. आधी जाऊन विचारा, कपाटात काही आहे का.