बडोद्याच्या ग्रंथपेट्या आणि जादूचा कंदील

वार्षिक सभेचे दिवस जवळ आले की आपल्याकडील बहुतेक ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांपुढे एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो. येत्या हंगामात व्याख्याने किती ठेवावीत, मुलांसाठी गोष्टींचा तास असावा की नसावा, काव्यवाचन, कीर्तन, चित्रप्रदर्शन यांवर किती पैसा खर्ची घालावा, अशी चर्चा सुरू होते आणि कोणीतरी ज्येष्ठ सभासद हटकून उठून म्हणतो की, ग्रंथालयाने ग्रंथ घ्यावेत. हा बाकीचा पसारा कशाला? असा आक्षेप घेणारे लोक बहुधा ग्रंथांचे खरे प्रेमी असतात. त्यांच्याशी भांडण मांडण्याचा आमचा हेतू नाही. परंतु आमच्या व्यवसायात नुसत्या युक्तिवादापेक्षा पुराव्यास अधिक मान असतो, म्हणून या वादात आम्ही एक साक्षीदार उभा करू इच्छितो. तो साक्षीदार म्हणजे बडोदे संस्थान.

त्यापूर्वी आपल्या प्रदेशात ग्रंथालये नव्हती असे नाही. रत्नागिरीचे ग्रंथालय १८२८ सालचे, पुण्याची नेटिव जनरल लायब्ररी १८४८ सालची, आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. पणजीस तर पोर्तुगीज राजवटीने १८३२ सालीच सार्वजनिक ग्रंथालय स्थापिले व पुढे बंद पडलेल्या मठांमधील ग्रंथही त्याच्या पदरी पडले. या सर्व संस्था आदरास पात्र आहेत. तथापि त्यांचे दार ज्याला उघडे होते तो मनुष्य आधीच वाचणारा होता. वर्गणीदारांच्या ग्रंथालयास वर्गणी देणारा लागे. पणजीच्या संग्रहास पोर्तुगीज किंवा लॅटिन जाणणारा लागे. बार्देशातील कुळंब्यास किंवा दापोलीकडील खारव्यास त्या कपाटांचा काय उपयोग होता, हे निराळे सांगावयास नको.

बडोद्यात हा प्रश्न उलट बाजूने सुटला. सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेलीच्या बाजूस आरंभिला व १९०६ साली तो संस्थानभर लागू केला. कायदा झाला, शाळा निघाल्या, मुले येऊ लागली. परंतु लवकरच एक गोष्ट ध्यानात आली. शाळा सोडून मूल शेतावर गेले की थोड्याच वर्षांत शिकलेली अक्षरे पुसून जात. ज्या अक्षरांना वाचावयास काही मिळत नाही ती अक्षरे टिकणार कशी? शिक्षणावर झालेला खर्च वाया जाऊ नये, या सरळ व्यावहारिक विचारातून तेथील ग्रंथालयांची योजना निघाली. महाराज अमेरिकेत हिंडून तेथील ग्रंथालये पाहून आले होते. १९१० साली त्यांनी न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम अॅलन्सन बोर्डन यांस पाचारण केले आणि आपल्या राजवाड्यातील सुमारे वीस हजार ग्रंथ मध्यवर्ती ग्रंथालयास देऊन टाकले. बोर्डनसाहेब १९१३ पर्यंत राहिले. तेवढ्या अवधीत त्यांनी वर्गीकरणाची पद्धती बसविली, १९११ साली ग्रंथपालांचा शिक्षणवर्ग काढला, आणि इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांतून निघणाऱ्या ग्रंथालयविषयक नियतकालिकाची घडी घातली गेली.

त्यांच्यामागून हे काम जनार्दन सखाराम कुडाळकर यांजकडे आले. ते एम. ए., एल्‌एल्‌. बी. होते, आणि आमच्याच व्यवसायाची पदवी घेतलेल्या एका मराठी गृहस्थाने अशिलांऐवजी वाचकांची वकिली पत्करली, याचे आम्हांस विशेष कौतुक वाटते. त्यांनी १९१९ साली बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. पुढे न्यूटन मोहन दत्त यांनीही १९२८ साली याच विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. आज आपणांस जे ठाऊक आहे ते पुष्कळसे या दोघांच्या लेखणीमुळे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांकरिता वेगळे वाचनदालन होते, आणि मुलांची एक खोली होती. त्या खोलीत पुस्तकांच्या जोडीस खेळणी होती, कोडी होती, चित्रे होती. मूल खेळावयास येई आणि चित्रांच्या पुस्तकाशी थांबे. शहराबाहेर फिरती ग्रंथालये होती. पंधरा ते तीस पुस्तकांची एक मजबूत लाकडी पेटी, कुलूपकिल्लीसह, रेल्वेने किंवा मिळेल त्या वाहनाने खेड्यात जाई. तेथील शिक्षक किंवा एखादा जबाबदार गृहस्थ ती उघडी. मुदत संपली की पेटी परत येई आणि दुसरी जाई. वाहतुकीचा भार सरकार सोशी. वाचकाने ग्रंथालयापर्यंत यावे असा नियम जगभर असताना येथे ग्रंथालयच वाचकाच्या दाराशी जात होते.

परंतु या साऱ्याहून आम्हांस महत्त्वाची वाटते ती त्यांची दृश्य शिक्षणाची शाखा. ज्याला वाचता येत नाही त्याचे ग्रंथालयाशी काय नाते, हा प्रश्न इतर ग्रंथालयांनी स्वतःस विचारलाच नव्हता. बडोद्याने तो विचारला. काचेवरील चित्रे पडद्यावर दाखविणारा जादूचा कंदील, दोन भिंगांतून पाहताच सपाट चित्रास खोली आणणारे यंत्र, आणि त्या काळी नवलाची असलेली हलती चित्रे, एवढा सरंजाम घेऊन या शाखेची माणसे गावोगाव जात. खेळ फुकट असे. जमलेल्यांत बायका, वृद्ध, मजूर, ज्यांनी जन्मात पुस्तक हाती धरले नव्हते असे कित्येक असत. जादूचा कंदील आपल्या लोकांस अगदीच अपरिचित नव्हता. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ सालापासूनच ‘शांबरिक खरोलिका’ या भारदस्त नावाने त्याचे खेळ केले होते. पण पटवर्धनांचा खेळ तिकिटाचा होता. बडोद्यात तोच कंदील ग्रंथालयाच्या खर्चात मांडला गेला. पुस्तकाची पेटी आणि चित्रांची पेटी एकाच खात्याच्या दप्तरात नोंदली जात होती, आणि दुसरीला कोणी पसारा म्हटले नाही.

पैशाची व्यवस्थाही पाहण्याजोगी आहे. गावाने ग्रंथालयासाठी जितकी रक्कम जमवावी तितकीच प्रांत पंचायतीने द्यावी आणि तितकीच सरकारने, असा तिहेरी वाटणीचा नियम होता. याचा अर्थ असा की, गावकऱ्यांनी पहिला रुपया काढल्याखेरीज पुढचे दोन हलत नसत. राजाने सर्व दिले असते तर ते दान ठरले असते. येथे ती भागीदारी होती. गुजरातेत मोतीभाई अमीन यांनी पेटलादकडून १९०६ पासूनच मित्रमंडळाच्या वतीने गावोगाव वाचनालये काढावयास सुरुवात केली होती. पुढे तेच सरकारी खात्यात आले आणि लोकांची चळवळ व दरबारची योजना यांची गाठ पडली. ही गाठ पडली नसती तर बोर्डनसाहेबांची सारी योजना शहराच्या वेशीशीच अडली असती, असे आमचे मत आहे.

बडोद्याचे नाव निघाले की विद्वान मंडळी प्राच्यविद्या मंदिराचे, १९१६ साली राजशेखराच्या काव्यमीमांसेने आरंभ झालेल्या गायकवाड ग्रंथमालेचे स्मरण करतात. ते योग्यच आहे. ती संस्थाही याच मध्यवर्ती ग्रंथालयाच्या संस्कृत विभागातून १९२७ साली वेगळी झाली. गुजराती व मराठी ग्रंथप्रकाशनासाठी महाराजांनी दोन लक्ष रुपयांचा निधी काढला, तोही सर्वांस ठाऊक आहे. मात्र कंदिलाची आठवण कोणी काढीत नाही.

येथे वकिलाच्या दृष्टीने एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. शिक्षणाची सक्ती बडोद्यात कायद्याने झाली, परंतु ग्रंथालयांच्या मागे तसा कायदा नव्हता. ती व्यवस्था महाराजांचे हुकूम आणि खात्याचे नियम यांवर उभी होती. जोपर्यंत राज्य आणि राजाची इच्छा शाबूत होती तोपर्यंत हे पुरेसे होते. सयाजीराव १९३९ साली निवर्तले आणि १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. विलीनीकरणास आमचा आक्षेप नाही. परंतु हुकूम काढणारा गेला की नागरिकाजवळ दाखविण्यास काय उरते? ‘आमच्या गावास पेटी येत होती, ती आमचा हक्क होती,’ असे कोणत्या कलमाखाली म्हणावे? याच्या उलट, कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालयांचा कायदाच करून ठेवला, आणि तो या देशातील पहिला मानला जातो. बडोद्याइतका गाजावाजा कोल्हापूरच्या ग्रंथालयांचा कधी झाला नाही. पण कागद पक्का कोणी केला, असे विचारले तर उत्तर कोल्हापूर हेच आहे. कर्नाटकाचा कायदा १९६५ चा, महाराष्ट्राचा १९६७ चा, गोव्याचा १९९३ चा. ज्या भूमीत ही चळवळ जन्मली त्या गुजरातेत मात्र ग्रंथालयांचा कायदा होण्यास २००१ साल उजाडावे लागले.

या हिशेबाचा आपल्या वार्षिक सभांशी निकटचा संबंध आहे. पैसा आटला की पहिली कात्री कार्यक्रमांवर चालते, कारण ते मंडळाच्या मर्जीवर असतात. त्यांच्यासाठी ना घटनेत कलम असते, ना अंदाजपत्रकात स्वतंत्र सदर. चिटणीस उत्साही असला तर व्याख्यानमाला चालते, तो बदलला तर बंद पडते. ज्या संस्थांस हे टाळावयाचे असेल त्यांनी बालविभाग, वर्षातील व्याख्याने आणि वाचता न येणाऱ्यांसाठी होणारे श्रवणाचे कार्यक्रम यांची किमान संख्या आपल्या नियमावलीतच लिहून घ्यावी, आणि त्यासाठी अंदाजपत्रकात वेगळे सदर उघडावे. आमच्या भागात तर त्यांपैकी काही कार्यक्रम कोकणीत होतील अशीही नोंद हवी. त्याकरिता नवा कायदा लागत नाही. सभेपुढे रीतसर नोटिशीने ठराव आणावा लागतो, आणि तो संमत होण्याइतके सभासद त्या दिवशी हजर असावे लागतात.