पणजीचं हिरवं लुगडं

पेठ वडगावच्या आमच्या घरात पणजीचा एक फोटो आहे. कोल्हापुरातल्या कुठल्याशा स्टुडिओत काढलेला, कृष्णधवल, आणि वरून हाताने रंगवलेला. चेहरा फोटोतलाच, पण लुगडं सपाट हिरवं. घड्या, निऱ्या सगळ्या रंगाखाली बुडाल्यात. मागे नुसता निळा-जांभळा धूर. मोबाईलवर झूम केलं तर अमूर्त चित्रच वाटतं.

गेल्या दिवाळीत चुलतभावाने तो एका अ‍ॅपमधून काढला. अ‍ॅपने जुना रंग डाग समजून पुसला आणि स्वतःचा भरला. लुगडं फिकट निळसर झालं. ग्रुपवर हार्टचा पाऊस. आत्या तेवढी गप्प.

युरोपात फोटोवर रंगाचा हलका हात फिरवत. आपल्याकडे १९व्या शतकात फोटो रंगवायला बसले ते बरेचसे मुळातले चित्रकारच. त्यांनी जाड, अपारदर्शक रंगाने पार्श्वभूमी झाकूनच टाकली. नाथद्वाऱ्यात तर श्रीनाथजींच्या चित्रात भक्ताच्या फोटोतला चेहरा कापून चिकटवत, बाकी सगळं ब्रशने.

कोल्हापुरात ब्रश आणि कॅमेरा एकाच हातात होते. बाबूराव पेंटर आधी नाटकाचे पडदे रंगवायचे, मग त्यांनी स्वतः कॅमेरा बनवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्यांच्याच तालमीतल्या शांतारामांनी १९३३ मध्ये प्रभातसाठी पुन्हा 'सैरंध्री' केला, या वेळी रंगीत. प्रिंट जर्मनीत तयार झाल्या, पण रंग काही जमले नाहीत. (माझ्या मते, रंगपेटी घेऊन बसणाऱ्या स्टुडिओवाल्यांना तेव्हा जरा बरं वाटलं असणार.)

या रंगवणाऱ्यांची अडचण मात्र खरी होती. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. कुंकू काळं उमटायचं, निळं आकाश पांढरंफटक. करड्या छटेवरून मूळचा रंग ओळखणं अशक्य. घरच्यांना विचारायचं, नाहीतर अंदाज. अ‍ॅपही अंदाजच करतं, फक्त विचारत नाही.

म्हणून मी आत्याला विचारलं, लुगडं खरंच हिरवं होतं का?

"पांढरं होतं," ती म्हणाली. "पणजोबा गेल्यावरचा फोटो आहे तो. हिरवं आबांनी सांगून भरून घेतलं. आई तशी बघवत नव्हती त्यांना."

म्हणजे अ‍ॅप खऱ्या रंगाच्या जास्त जवळ पोचलं होतं. आणि आबांनी पैसे मोजून आईला परत दिलेलं ते त्याने एका टॅपमध्ये काढून घेतलं.

मूळ फोटो भिंतीवरून उतरवून उजेडात धरला. कपाळावर कुंकवाचा रंग एका कडेने उडालाय. कुंकू खरं असतं तर खाली काळा ठिपका दिसला असता. खाली कपाळ स्वच्छ आहे.

पुसून परत तिथेच लावला.