वस्त्ररंगांचे जैवविघटन

कापडाला लावलेल्या रंगाचे रेणू जिवाणू, बुरशी किंवा वनस्पती यांच्या विकरांमुळे तुटून साध्या पदार्थांत रूपांतरित होणे, याला वस्त्ररंगांचे जैवविघटन म्हणतात. विल्यम पर्किन याने १८५६ मध्ये कोळशाच्या डांबरातील रसायनांपासून जांभळा रंग मिळवला, तेव्हापासून कृत्रिम रंग वाढत गेले. ऊन, घाम आणि धुणे सोसूनही टिकेल अशीच या रंगांची घडण असते. त्यांचा हा पक्केपणाच नदीला जाचतो.

निम्म्याहून अधिक कृत्रिम रंग ॲझो वर्गातले, म्हणजे दोन नायट्रोजन अणूंमध्ये दुहेरी बंध असलेले. त्यांतील अनेकांना सल्फोनेट गट जोडलेले असतात. त्यामुळे ते पाण्यात सहज विरघळतात, पण जिवाणूच्या पेशीपटलातून आत शिरत नाहीत. सुती कापडाचे रिॲक्टिव्ह रंग धाग्याशी रासायनिक बंधाने जोडले जातात, तरी त्यांचा बराच भाग पाण्याशीच संयोग पावून वाया जातो आणि मीठ-सोड्यासह सांडपाण्यात उतरतो.

प्राणवायू नसलेल्या टाकीत जिवाणू ॲझो बंध तोडतात आणि पाण्याचा रंग जातो. मागे ॲरोमॅटिक अमाइने उरतात. ती बहुधा प्राणवायूच्या उपस्थितीतच पुढे मोडतात, म्हणून विनावायू आणि सवायू अशा दोन टप्प्यांची प्रक्रिया लागते. पाणी निवळले म्हणजे ते शुद्ध झाले, हा समज घातक आहे: बेंझिडीनसारखे रंगहीन अमाइन मूत्राशयाच्या कर्करोगाला कारण ठरते. लाकडाला पांढरी कुज आणणारी बुरशी मात्र लाकडातील लिग्निन मोडणारी विकरे पेशीबाहेर सोडते आणि रंगाच्या रेणूवर बाहेरूनच हल्ला चढवते.

महाराष्ट्रात हा प्रश्न कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजीत ठळकपणे दिसतो. येथे यंत्रमागांबरोबर रंगाई-धुलाईचे प्रोसेस उद्योग वाढले. त्यांचे सांडपाणी वाहून नेणारा शहरातला काळा ओढा पंचगंगेला मिळतो, आणि पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेत जाते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात जीवरसायनशास्त्रज्ञ संजय गोविंदवार व त्यांच्या विद्यार्थ्यांनी जिवाणू, यीस्ट आणि वनस्पतींकडून रंग मोडून घेण्याचे दीर्घ संशोधन केले. पाणकणीस आणि कोद्रा एकत्र लावून त्यांनी काँगो रेड या रंगावर प्रयोग केले. झेंडू, चिनी गुलाब यांसारखी बागेतली झाडेही तपासली. मुळांतील लॅकेज व पेरॉक्सिडेज ही विकरे हे काम करतात. या पद्धतीला वीज फारशी लागत नाही, जागा आणि वेळ मात्र लागतो.

मंजिष्ठा, हळद यांसारखे वनस्पतिजन्य रंग तुलनेने लवकर मोडतात. त्यांना पक्के करण्यासाठी तांबे किंवा क्रोमियमचे क्षार वापरले, तर ते धातू जमिनीत साचतात, कारण मूलद्रव्याचे विघटन होत नाही.

घातक अमाइने सोडणाऱ्या ठरावीक ॲझो रंगांवर भारतात १९९७ मध्ये बंदी आली. उरलेल्या रंगांसाठी प्रक्रिया केलेल्या पाण्याचा केवळ रंग तपासून भागत नाही. त्यातील अमाइने आणि विषारीपणाही मोजला पाहिजे.