पूर ओसरला, उधारीचं काय?

मंडळी, १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही, आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्यानंतरच्या पुनर्वसनाच्या खुणा पुण्यात आजही दाखवता येतात: गोखलेनगर, लोकमान्यनगर, पूरग्रस्तांच्या सोसायट्या. पण या खुणा घरांच्या. बुडालेल्या दुकानाची खूण कुठे दाखवणार?

दुकान म्हणजे नुसता फळीवरचा माल नव्हे. गिऱ्हाइकांकडून येणं आणि घाऊक व्यापाऱ्याचं देणं, दोन्ही वहीत असतं. वही भिजली की येणं बुडतं. देणं मात्र बुडत नाही, कारण त्या व्यापाऱ्याची वही कोरडी असते!

साठ वर्षांनी, २२ जुलै २०२१ ला, वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. तेव्हाच्या सरकारी मदतीत दुकानदार वेगळा मोजला गेला: नुकसानीच्या ७५ टक्के, पण जास्तीत जास्त ५० हजार रुपये. टपरीवाल्याला १० हजार. हे चांगलंच झालं, मी ते कमी लेखत नाही. पण बघा, पाच लाखांचा किराणा कुजला तरी मदत पन्नास हजारच. शिवाय ती ठरते पंचनाम्यावर, आणि पंचनाम्यात चिखलात गेलेला माल दिसतो, बुडालेली उधारी दिसत नाही. म्हणून गाळ उपसून शटर वर गेलं की दुकानदार आधी घाऊकवाल्याला फोन लावतो: ‘जुनं थोडं थांबवा, नवा माल उधारीवर द्याल का?’