गोल शिक्क्यात 'अहिल्यानगर' : आकारात मजकूर बसवताना

अहिल्यानगर - 'अहमदनगर' या नावात काना, मात्रा, वेलांटी किंवा जोडाक्षर यांपैकी काहीही नव्हते. सात सुटी अक्षरे शिरोरेषेखाली ओळीने उभी राहत. 'अहिल्यानगर' लिहिताना मात्र शिरोरेषेच्या वर वेलांटी येते, मध्ये 'ल्या' हे जोडाक्षर येते आणि शब्दाची रुंदीही वाढते. नामांतराची घोषणा ३१ मे २०२३ रोजी चौंडी येथे झाली. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये नवे नाव अमलात आले. चौदा तालुक्यांच्या या जिल्ह्यातील शिक्के, बोधचिन्हे, प्रमाणपत्रे आणि फलकांवर जुन्या नावाच्या जागी नुसते नवे नाव टाकून भागत नाही, ते यामुळेच. ठरावीक आकारात मजकूर बसवण्याचे तंत्र त्यासाठी माहीत असावे लागते.

हे कौशल्य संगणकाने जन्माला घातलेले नाही. शिवाजी महाराजांच्या अष्टकोनी राजमुद्रेत संस्कृत मजकूर बसवलेला आहे. निजामशाहीच्या तांब्याच्या नाण्यांवरही फारसी अक्षरे लहानशा जागेत कोरलेली दिसतात. तेव्हा कारागिराची नजर जे काम करी, ते आज आपल्याला संगणकाकडून करून घ्यायचे असते.

आधी लिपीची तयारी

फोटोशॉपमध्ये देवनागरी नीट उमटण्यासाठी युनिकोड फॉन्ट घ्यावा. मुक्त, बलू, नोटो सॅन्स देवनागरी हे फॉन्ट विनामूल्य मिळतात. जुन्या डीटीपी पद्धतीच्या फॉन्टमधील मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांत बदलतो.

फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत 'प्रेफरन्सेस'मधील 'टाइप' विभागात 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' हा पर्याय निवडून नवी फाईल उघडावी लागते. अलीकडच्या आवृत्त्यांत जोडाक्षरे तुटत असतील, तर 'पॅराग्राफ' पॅनेलच्या मेनूतून 'वर्ल्ड-रेडी लेआउट' सुरू करावा. वेलांटी 'ह'च्या आधी दिसते का आणि 'ल्या' जोडलेला आहे का, हे सर्वप्रथम पाहावे.

आकाराच्या आत मजकूर

१. 'इलिप्स टूल' घेऊन वरच्या पट्टीत 'पाथ' हा पर्याय निवडावा. शिफ्ट दाबून ओढल्यास अचूक वर्तुळ मिळते. 'पेन टूल'ने पान, दिवा किंवा हृदय असा कोणताही बंद आकार काढता येतो.

२. 'टाइप टूल' घेऊन कर्सर आकाराच्या आत न्यावा. कर्सरभोवती ठिपक्यांचे वर्तुळ दिसले की क्लिक करावे. आता मजकूर आकाराच्या आतच राहतो आणि ओळी कडेप्रमाणे लहानमोठ्या होतात.

३. मजकूर मध्यभागी घ्यावा. जागा अपुरी पडल्यास उरलेला मजकूर दिसेनासा होतो. म्हणून शेवटचा शब्द दिसतो का, हे तपासावे आणि त्यानुसार अक्षरांचा आकार किंवा ओळींमधील अंतर कमी करावे.

कडेवर फिरणारा मजकूर

शिक्क्याच्या काठावरील नावासाठी कर्सर आकाराच्या रेषेवर न्यावा. त्याचे चिन्ह बदलल्यावर क्लिक करून टंकन करावे. 'पाथ सिलेक्शन टूल'ने मजकूर पुढेमागे सरकवता येतो, तसाच रेषेच्या आतल्या बाजूसही घेता येतो.

देवनागरीची खरी परीक्षा येथे होते. रोमन अक्षरे एकमेकांपासून सुटी असल्याने वळणावर खपून जातात. आपली अक्षरे शिरोरेषेने जोडलेली असतात. वर्तुळाच्या वरच्या भागात अक्षरांचे माथे फाकतात आणि शिरोरेषेत फटी पडतात. खालच्या भागात सरळ वाचता येईल असा मजकूर लिहिला, की माथे केंद्राकडे येऊन एकमेकांना भिडतात. अक्षरे लहान ठेवून वर्तुळ मोठे घेतल्यास हा दोष कमी होतो. दुसरा मार्ग म्हणजे मजकूर सरळ ओळीत लिहून 'वार्प टेक्स्ट'मधील 'आर्क' वापरणे. त्यात अक्षरांसह शिरोरेषाही वाकते.

जागा भरण्यासाठी अक्षरांमधील अंतर, म्हणजे 'ट्रॅकिंग', वाढवण्याचा मोह टाळावा. इंग्रजीत ते शोभते, मराठीत त्याने शिरोरेषेचे तुकडे होतात. त्याऐवजी अक्षरांचा आकार बदलावा किंवा त्याच फॉन्टचा जाड वा बारीक प्रकार घ्यावा. वेलांटीसाठी वर पुरेशी जागा सोडावी, अन्यथा छपाईत ती बाहेरच्या वर्तुळाला चिकटते.

विनामूल्य पर्याय

इंकस्केपमध्ये मजकूर आणि आकार दोन्ही निवडून 'टेक्स्ट' मेनूतील 'फ्लो इन्टू फ्रेम' दिल्यास हेच काम होते. गिंपमध्ये रेषेवर मजकूर चढवता येतो. मात्र त्याची मजकूर-चौकट आयताकृती असते. त्यामुळे वेड्यावाकड्या आकारासाठी इंकस्केप सोयीचे. कोरलड्रॉ वापरणाऱ्यांना 'फिट टेक्स्ट टू फ्रेम' ही आज्ञा अक्षरांचा आकार आपोआप जुळवून देते.

छापण्यापूर्वी

छपाईच्या कामासाठी फाईल ३०० पीपीआयवर तयार करावी. मूळ फाईल मजकूर बदलता येईल अशीच जपून ठेवावी. दुसऱ्या प्रतीत 'कन्व्हर्ट टू शेप' केल्यास फॉन्टची अडचण उरत नाही. मात्र त्यानंतर शुद्धलेखन सुधारता येत नाही. राज्य शासनाच्या १० नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयानुसार मराठीत पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' वापरायचा आहे. हिंदी वळणाचा 'ल' असलेला फॉन्ट म्हणूनच टाळावा.

शेवटी नमुना प्रत्यक्ष मापात कागदावर छापून पाहावा. पडद्यावर मोठे करून पाहिलेले 'ल्या' सुबक दिसते. तीन-चार सेंटिमीटरच्या शिक्क्यात त्याची शाई पसरून काळा ठिपका होऊ शकतो. रबरी शिक्का एकदा तयार झाला की प्रत्येक दाखल्यावर तोच उमटत राहतो. त्यामुळे नाव वाचता येते का, हे एखाद्या तिऱ्हाईताकडून वाचून घेऊनच काम छापखान्याकडे द्यावे.