झिलई आणि इतिहास

जुनी वस्तू स्वच्छ करणे आणि तिचा इतिहास पुसून टाकणे या दोन क्रियांत अंतर फार थोडे असते, हे आम्हांस एका शिवणयंत्राने शिकविले. स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथे घडविलेले, आमच्या घरात दोन पिढ्या चाललेले सिंगरचे काळे यंत्र आम्ही काही वर्षांपूर्वी बाजारातील एका कारागिराकडे उजळण्यास दिले. ते आरशासारखे लखलखीत होऊन परत आले. मात्र सुईच्या बाजूच्या झाकणपट्टीवर कोरलेली वेलबुट्टी बफच्या चाकाखाली अर्धी झिजली होती आणि हातचाकाच्या कडेवर निकेलच्या जागी खालचे लोखंड डोकावू लागले होते.

दोष केवळ कारागिराचा नव्हता. आपण काय पुसावयास सांगत आहोत, याचा विचार आम्हीच केला नव्हता. या यंत्रांचे अंग बिडाचे; त्यावर डांबरयुक्त काळे रोगण भट्टीत भाजून पक्के केलेले, त्यावर सोनेरी नक्षीचे छाप आणि वर पारदर्शक लेप. सुईची दांडी पोलादाची, तर झाकणपट्टी व हातचाकाची कड यांवर निकेलचा पातळ मुलामा. पुढील काळात निकेलची जागा क्रोमने घेतली. निकेलची झाक किंचित पिवळसर, क्रोमची निळसर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील काही यंत्रांचे भाग तर मुलाम्याऐवजी काळे केलेले आढळतात, कारण निकेल तेव्हा युद्धाला हवे होते. अशा यंत्राला हौसेने चकचकीत मुलामा देणारा मनुष्य त्या टंचाईचा पुरावाच नष्ट करीत असतो.

झिलईचा आणखी एक इतिहास आहे. तो मात्र वस्तूवर दिसत नाही. क्लाइडबँकचा किलबोवी कारखाना १८८५ साली सुरू झाला आणि १९८० साली बंद पडला. २१ मार्च १९११ रोजी तेथे यंत्रांच्या लाकडी पेट्या-टेबलांना झिलई देणाऱ्या बारा स्त्रियांनी काम थांबविले. त्यांच्यातील तिघींना त्या कामावरून हलवून त्यांचा भार उरलेल्या बाराजणींवर टाकण्यात आला होता. पाहता पाहता कारखान्यातील अकरा हजारांच्या आसपास कामगारांपैकी बहुतेक सारे बाहेर पडले. १० एप्रिलला ते कामावर परतले. मागण्या पदरात पडल्या नाहीत आणि पुढे सुमारे चारशे जणांना, त्यांत पुढाऱ्यांना, काढून टाकण्यात आले. त्या स्त्रिया धातू नव्हे, लाकूड उजळीत होत्या हे खरे. पण ग्राहकाच्या डोळ्यांत भरणारी चमक कोणाच्या हातांतून येते, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

तो प्रश्न आपल्याकडेही विचारला गेला होता. १९२४ साली 'यंग इंडिया'त प्रसिद्ध झालेल्या एका संभाषणात गांधीजींनी यंत्रांवरील आपल्या आक्षेपातून सिंगरचे शिवणयंत्र वगळले. पत्नीचे शिवणाचे कष्ट वाचावेत या प्रेमातून ते जन्मले, अशी त्यांची धारणा होती. मग ही यंत्रे घडविणाऱ्या कारखान्यांचे काय, असे विचारताच असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे असावेत, असे त्यांनी उत्तर दिले. घरातील एका स्त्रीचे कष्ट वाचविणाऱ्या यंत्रावर कारखान्यात दुसरी स्त्री झिजत होती, हे १९११ च्या संपाने आधीच दाखविले होते.

वाङ्मयाच्या अभ्यासकांना ही अडचण अपरिचित नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ ते १९६६ असे चालले. तेथील संपादकांनी प्रक्षिप्त वाटणारा मजकूर मूळ संहितेतून बाजूला काढला, परंतु फेकून दिला नाही. तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवला. यंत्र उजळणाऱ्यानेही हीच शिस्त पाळावी, असे आम्हांस वाटते. प्रथम छायाचित्रे काढावीत आणि बिडावर ठसविलेला क्रमांक टिपून घ्यावा, कारण कारखाना व साल यांचा माग त्यावरून लागतो. घट्ट झालेले वंगण रॉकेलने सोडवावे. पोलादावरील गंज अगदी बारीक पोलादी लोकरीने, तेल लावून, हलक्या हाताने काढावा. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून विजेचा मंद प्रवाह सोडून गंज सोडविण्याची रीत उत्तम, पण ती मुलामा नसलेल्या भागांपुरतीच. मुलामा असलेल्या भागावर ती वापरल्यास मुलामा सुटण्याची भीती असते. सोनेरी छापांवर स्पिरिट मुळीच लावू नये, कारण लाखेचा लेप त्यात विरघळतो आणि छाप उघडे पडतात. गंज काढणे आवश्यक, कारण तो धातू खात राहतो. हाताच्या स्पर्शाने आलेली मंद झळाळी मात्र रोग नव्हे. ती वापराची नोंद आहे.

आमच्या यंत्राची ती झाकणपट्टी बदलून नवी बसविण्याचा सल्ला अनेकांनी दिला. आम्ही ती तशीच ठेवली आहे. अर्धी वेलबुट्टी शिल्लक आहे. उरलेल्या अर्ध्या भागात आता आमच्या घाईची नोंद आहे.