पेनड्राइव्ह रिकामा, तरी ६ जीबीचा व्हिडिओ कॉपी का होत नाही?

लग्नाचा ६ जीबीचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर घ्यायचा आहे. पेनड्राइव्ह ३२ जीबीचा, तोही पूर्ण रिकामा. तरी कॉम्प्युटर म्हणतो, फाइल खूप मोठी आहे. पेनड्राइव्ह खराब झालाय असं वाटू शकतं, पण खरं कारण असतं त्याची फाइल सिस्टम.

फाइल सिस्टम म्हणजे काय?

डिस्कवर कोणती फाइल कुठे आहे, ती किती मोठी आहे, याची नोंद ठेवण्याची पद्धत म्हणजे फाइल सिस्टम. दुकानदाराच्या खातेवहीसारखीच. वहीतला रकाना लहान असेल, तर त्यात मोठा आकडा मावणार नाही.

४ जीबीची मर्यादा कुठून आली?

बरेच पेनड्राइव्ह 'फॅट३२' पद्धतीचे असतात. मायक्रोसॉफ्टने ती १९९६ मध्ये विंडोज ९५च्या सुधारित आवृत्तीत आणली. त्यात फाइलचा आकार लिहायला ३२ बिट्सचीच जागा असते. त्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा आहे ४,२९,४९,६७,२९५. म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. डिस्कवर कितीही जागा असली, तरी एक फाइल याहून मोठी चालत नाही.

मग पर्याय कोणते?

- एनटीएफएस: विंडोजची १९९३ पासूनची पद्धत. मोठ्या फाइल्स चालतात. मॅकवर त्या उघडतात, पण वेगळं सॉफ्टवेअर टाकल्याशिवाय मॅकवरून त्यात काही सेव्ह करता येत नाही.
- एपीएफएस: २०१७ पासून मॅकमध्ये. विंडोजला ती स्वतःहून वाचता येत नाही.
- एक्सफॅट: २००६ मध्ये आली. विंडोज आणि मॅक, दोन्हींवर वाचता-लिहिता येते. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये तिची तांत्रिक माहिती खुली केल्यावर लिनक्समध्येही तिचा थेट समावेश झाला.

वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर फिरणाऱ्या डिस्कसाठी एक्सफॅट सोयीची. मात्र जुने टीव्ही किंवा गाडीतले म्युझिक प्लेअर ती ओळखतीलच असं नाही. त्यांच्यासाठी फॅट३२च बरी.

बदलताना काय काळजी घ्याल?

फॅट३२ची एक्सफॅट करायची, तर डिस्क फॉरमॅट करावी लागते आणि त्यात सगळं पुसलं जातं. म्हणून आधी सगळ्या फाइल्स दुसरीकडे कॉपी करा, त्या उघडतात का ते पाहा आणि मगच फॉरमॅट करा.

आणखी एक गोष्ट. कॉपी सुरू असताना डिस्क ओढून काढली, तर एक्सफॅटमधली नोंद बिघडू शकते. त्यामुळे 'इजेक्ट' करूनच ती काढा. लग्न काही पुन्हा शूट करता येत नाही.